भोक आधी बुजवायचं की पंप आधी लावायचा? जहाजावरच्या मंडळींनी सांगावं

कारेलीबागकर

मंडळी, २०२४ च्या ऑगस्टात विश्वामित्री बडोद्यात कुठकुठे शिरली ते इथल्या लोकांना नव्याने सांगायला नको. आमच्या बेसमेंटमध्येही आली. गाड्या बुडाल्या, लिफ्टची मोटर गेली, आणि पाणी ओसरल्यावर चिखलात कोणाचा तरी कुकर सापडला, त्याला अजून मालक मिळालेला नाही. पण खरं नुकसान झालं ते माझ्या आणि मेहुण्याच्या संबंधांचं. तो त्याच सोसायटीत, वरच्या मजल्यावर राहतो. रँपवरून पाणी यायला लागलं तेव्हा मी म्हणत होतो, आधी तोंडाशी वाळूची पोती टाका. तो म्हणाला, आधी पंप लावा, उपसत राहिलं की येतं आटोक्यात. निम्मे लोक पोती शोधायला गेले, निम्मे पंप. दोन्ही हाताशी आलं तेव्हा पाणी छातीपर्यंत.

परवा हजीराहून घोघ्याला रो-रोने (गाड्या नेणाऱ्या फेरीबोटीने) गेलो. गाडी खालच्या डेकवर लावली, वर येऊन चहा घेतला, आणि डोक्यात किडा वळवळला. इथं पाणी शिरलं तर ही माणसं काय करतात? समुद्राला काही 'ओसरल्यावर बघू' म्हणता येत नाही. तिथे भोक आधी की पंप आधी? सरळ उत्तर मिळालं तर दिवाळीला मेहुण्यापुढे ठेवीन.

मांडवीचा_मोन्या

आधी विश्वामित्रीतली मगर आत आली आहे का ते बघतात. बाकी सगळं नंतर.

तेलकट_हात

मी मर्चंट नेव्हीत सेकंड इंजिनियर, सध्या सुट्टीवर मांजलपुरात. माझं मत मेहुण्याच्या बाजूने. पंप आधी, कारण पंप म्हणजे एक बटण. भोक शोधायला वेळ लागतो, तोवर पाणी थांबून राहत नाही.

थर्ड इंजिनियर असताना एका जुन्या बल्क कॅरिअरवर (धान्य-कोळसा मोकळाच भरून नेणाऱ्या जहाजावर) होतो. पहाटे तीनला बिल्जचा अलार्म वाजला. (बिल्ज म्हणजे इंजिनरूमच्या अगदी तळाशी तेल-पाणी साचतं ती जागा.) खाली उतरलो तर समुद्राचं पाणी आत घेणाऱ्या मोठ्या पाइपच्या वळणावर मुठीएवढं भोक. आतून गंजून पापुद्रा झालेला, बाहेरून हिरवा रंग ठणठणीत. उपाय ऐकायला सोपा, समुद्राकडचा व्हॉल्व्ह बंद करा. पण त्याच पाण्यावर इंजिन थंड राहतं. घाईत भलताच व्हॉल्व्ह बंद झाला तर इंजिन गेलं, जनरेटर तापून बसले तर वीज गेली, आणि वीज गेली की पंपही गेले. म्हणून सेकंड साहेबांनी आधी ब्रिजला (जिथून जहाज चालवतात त्या वरच्या खोलीला) फोन करून वेग कमी करवला, दुसऱ्या बाजूची तोटी उघडली आणि मग मला म्हणाले, आता हा बंद कर. चाक फिरेना. कित्येक महिन्यांत कोणी त्याला हात लावला नव्हता. दोघं लटकलो तेव्हा कुठे हललं.

एवढ्या वेळात बिल्ज पंप चालू होताच. फक्त तो पाणी खेचत नव्हता. बोळा! कोणीतरी पुसून टाकलेल्या चिंध्या जाळीवर जाऊन बसल्या होत्या. चिंध्या माझ्याच वॉचच्या, म्हणजे पाळीच्या होत्या, हे आज पहिल्यांदा लिहितोय.

घरची_कॅप्टन

@तेलकट_हात, जहाजावर चिंध्या आणि घरी ओला टॉवेल पलंगावर. तुम्हा लोकांचं ट्रेनिंग नक्की कुठे होतं?

जुना_खलाशी

नौदलात हल आर्टिफिसर (जहाजाच्या सांगाड्याची दुरुस्ती करणारा) होतो, निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली. कारेलीबागकर, तुम्ही आणि मेहुणे, दोघंही चुकलात.

आधी दार.

पाणी कुठे आहे हे कळायच्याही आधी ते कुठपर्यंत जाऊ द्यायचं हे ठरतं. जहाजाचे आडव्या भिंतींनी खण पाडलेले असतात. त्या भिंतींना बल्कहेड म्हणतात. एक खण भरला तर जहाज जड होतं, थोडं वाकतं, पण तरंगतं. तोच खण शेजारच्याला पाणी देऊ लागला तर तुमचे पंप आणि पोती दोन्ही शोभेला. म्हणून दार लावायचं, मग त्या खणाच्या सहाही बाजू तपासायच्या. पुढे, मागे, डावीकडे, उजवीकडे, वर, खाली. चार बाजू सगळ्यांना आठवतात, वरची आणि खालची विसरतात. केबलसाठी भिंतीला पाडलेली भोकं, पाइप, हवेचे डक्ट, पाणी तिथून निघतं. दार मात्र छान बंद असतं.

आणि दार वेळेत लावायचं. दोन मीटर उंच, ऐंशी सेंटिमीटर रुंद दाराच्या एका अंगाला चौकटीच्या वरच्या कडेपर्यंत पाणी उभं राहिलं तर त्यावर दीड टनाहून जास्त भार येतो. तेव्हा चार पैलवान आणलेत तरी ते ढकलून लागत नाही.

सुगरण_नाही_मी

काका, मग टायटॅनिकलाही खण होतेच ना? लहानपणापासून हा प्रश्न आहे.

जुना_खलाशी

होते. १६ खण. पुढचे चार भरले तरी तरंगेल असा हिशेब. १४ एप्रिल १९१२ च्या रात्री फुटले त्याहून जास्त. आणि बल्कहेड पुरेसे उंच नव्हते. तुमच्या स्वयंपाकघरात मिसळणाचा डबा असेल. वाट्या वेगवेगळ्या, पण वाट्यांना झाकण नाही. डबा एका बाजूला कलंडवा, हळद वरून मोहरीत जाते. तसंच झालं. नाक खाली गेलं, पाणी भिंतीच्या वरून पुढच्या खणात, तिथून पुढच्या. २ तास ४० मिनिटं लागली.

सुगरण_नाही_मी

उद्यापासून मिसळणाचा डबा आडवा करताना हात थरथरणार माझा.

लष्कर_ग्वाल्हेर

आम्हा ग्वाल्हेरवाल्यांना समुद्राचं काय कळणार म्हणून गप्प होतो. पण अवांतर एक सांगतोच. आमच्या महाराजांकडे जहाज होतं! 'एम्प्रेस ऑफ इंडिया' नावाची बोट पहिल्या महायुद्धात शिंदे सरकारांनी विकत घेतली, तिचं इस्पितळ-जहाज केलं आणि नाव ठेवलं 'लॉयल्टी'. पुढे तीच बोट सिंदिया स्टीम नॅव्हिगेशन कंपनीने घेतली आणि ५ एप्रिल १९१९ ला ती मुंबईहून लंडनला निघाली. ५ एप्रिलला राष्ट्रीय सागरी दिन असतो तो त्यामुळेच. कंपनीचं नावही आमच्याकडूनच गेलेलं. आता बोला.

राजवाडा_इंदूर

आणि ग्वाल्हेरकरांनी धागा हायजॅक केला. इंदुरात पाणी शिरलं की आम्ही पोहे खात बसून बघतो.

मांडवीचा_मोन्या

बडोद्यात सेव-उसळ खात. तर्री जास्त असेल तर तिच्यातही खण पाडावे लागतात.

तेलकट_हात

@जुना_खलाशी काका, दाराचं मान्य. पण आमच्या मालवाहू जहाजावर सगळी मिळून वीस-बावीस माणसं, आणि इंजिनरूम हा एकच अवाढव्य खण. तिथेच पाणी आलं तर दार लावून वर चहा प्यायचा का? म्हणून आमच्याकडे इमर्जन्सी बिल्ज सक्शन असतं. इंजिनाला समुद्राचं पाणी पुरवणारा जो सगळ्यात दांडगा पंप, त्याचं तोंड समुद्राकडून वळवून थेट बिल्जकडे करायचं. एरवी बिल्जचं पाणी सेपरेटरमधून गाळून, तेल १५ पीपीएमच्या (दहा लाख भागांत १५ भागांच्या) आत आणून मगच बाहेर सोडता येतं. जीवावर बेतलं की तो नियम बाजूला. त्या व्हॉल्व्हवर ठळक अक्षरात नाव लिहिलेलं असतं आणि तो वेळोवेळी फिरवून बघावा लागतो. का, ते वर लिहिलंच आहे.

कलाभवन_७८

मी स्थापत्यवाला, पण हायड्रॉलिक्स शिकवलं आहे. या वादात आकडा आणू या.

पाण्याखाली तीन मीटरवर दहा सेंटिमीटर व्यासाचं गोल भोक घ्या. पाणी साधारण सेकंदाला ३६ लिटर येईल, म्हणजे तासाला १३० टन. गच्चीवरची हजार लिटरची टाकी अर्ध्या मिनिटाच्या आत भरेल. आता गंमत बघा. खोली दुप्पट केली तर पाणी दुप्पट होत नाही, १.४ पटच होतं. व्यास मात्र निम्मा केला तर पाणी चौथ्या हिश्श्यावर येतं. म्हणजे भोक पूर्ण बुजवायचा हट्टच नको. अर्धंमुर्धं बुजलं की जो पंप हरत होता तोच जिंकायला लागतो. मेहुणा आणि तुम्ही, दोघांचं भांडण इथे मिटायला हरकत नाही.

कारेलीबागकर

सर, मिटायला हरकत नाही, पण मिटणार नाही. तुम्ही मेहुण्याला ओळखत नाही.

जुना_खलाशी

सरांनी माझ्या तोंडचं वाक्य घेतलं. लोणावळ्याला आयएनएस शिवाजी या नौदलाच्या तळावर डॅमेज कंट्रोलचं (जहाजाला इजा झाली तर ते सावरायचं) ट्रेनिंग होतं. जहाजाचे खण उभे केलेत, ते हलतात, दिवे जातात, आणि भिंतीतल्या भोकांतून थंडगार पाणी अंगावर येतं. पहिल्यांदा आत गेलो तेव्हा आमच्या टोळीने पहिली पाच मिनिटं नुसती आरडाओरड केली. सगळे सगळ्यात मोठ्या भोकावर धावले आणि एकमेकांच्या कोपरांनी तोंडं फुटली. उस्तादाने पाणी बंद करून विचारलं, "लाकूड कोणी आणलं?" कोणीच नाही.

सामान अगदी गावच्या सुताराचं. पाचरी, निमुळत्या खुंट्या, हातोडा, फळ्या, टेकू द्यायला वासे, आणि गाद्या. हो, झोपायच्या गाद्या. मऊ लाकडाच्या पाचरीला कापड गुंडाळायचं आणि ठोकायचं. लाकूड भिजून फुगतं आणि फट स्वतःच आवळतं. फाटलेल्या पत्र्याच्या कडा आत वळलेल्या असतात, तिथे पाचर बसत नाही. मग गादी लावायची, तिच्यावर फळी, फळीला वाशाचा टेकू, टेकूखाली परत पाचर. तरीही झिरपतं. झिरपू द्यायचं.

आणि शेजारच्या कोरड्या खणात जाऊन बल्कहेड बघायचा. पलीकडे पाणी उभं असेल तर तो पोटासारखा फुगतो. त्यालाही टेकू. तो सरळ करायला जायचं नाही, आहे त्या आकारात धरून ठेवायचा.

मांडवीचा_मोन्या

पाचर मारणाऱ्यांची आमच्या सोसायटीत कमी नाही. प्रत्येक मीटिंगमध्ये चार-पाच असतात. हातोडा तेवढा आणायचा राहिलाय.

तेलकट_हात

त्या पहाटे आम्ही रबरी शीट आणि क्लॅम्प लावून निभावलं, मग वरून सिमेंट बॉक्स केला. लाकडी पेटी बांधायची, आत झपाट्याने आळायला धुण्याचा सोडा घातलेलं सिमेंट. खुबी अशी की पेटीतून एक छोटी नळी बाहेर काढून ठेवायची. सिमेंट आळेपर्यंत झिरपणारं पाणी तिच्यातून निघून जातं, नाहीतर दाबाने सगळं उचकटतं. आळल्यावर नळीला बूच. पुढच्या बंदरापर्यंत टिकलं. एम-सीलचा थोरला भाऊ समजा.

घरची_कॅप्टन

धागा नवऱ्याला पाठवला. तो चीफ ऑफिसर आहे, जहाज सिंगापूरला नांगर टाकून उभं आहे. त्याचा निरोप जसाच्या तसा: "इंजिनवाले आणि सुतार मंडळींनी भोकाची चर्चा छान केली. जहाजं नुसती भोकामुळे बुडत नाहीत, उलटतातही. आत मोकळं फिरणारं पाणी हा खरा वैरी." बाकी पुढे लिहितो म्हणाला. घरचा गॅस संपलाय त्याबद्दल मात्र काही लिहिलं नाही.

कलाभवन_७८

अगदी बरोबर. परातीत पाणी घेऊन जिना चढून बघा. परात जरा कलली की सगळं पाणी त्याच कडेला धावतं आणि कल वाढवतं. तेवढंच पाणी तीन-चार लोट्यांत घेतलं तर काही होत नाही. गणितात रुंदीचा घन येतो. परातीच्या मधोमध लांबीच्या दिशेने एक भिंत उभी केली तर हा दुष्परिणाम चौथ्या हिश्श्यावर येतो.

आता धागाकर्त्यांसाठी. गाड्यांचा डेक म्हणजे अशीच एक लांबरुंद परात, कारण मध्ये भिंती घातल्या तर गाड्या जाणार कुठून? ६ मार्च १९८७ ला बेल्जियमच्या झीब्रुग बंदरातून 'हेराल्ड ऑफ फ्री एंटरप्राइझ' ही फेरी पुढचं दार उघडं ठेवूनच निघाली. दार लावणारा माणूस केबिनमध्ये झोपला होता, आणि ब्रिजवर दार लागल्याचं दाखवणारा दिवा नव्हता. गाड्यांच्या डेकवर पाणी शिरलं आणि काही मिनिटांत फेरी आडवी झाली. १९३ माणसं गेली. भोक कुठेच नव्हतं.

कारेलीबागकर

म्हणजे मी चहा पीत होतो तेव्हा परातीच्या वर बसलो होतो.

तेलकट_हात

घाबरू नका. त्यानंतरच ब्रिजवर दाराचे दिवे आणि कॅमेरे सक्तीचे झाले. पुढच्या वेळी चहा निवांत प्या.

राजवाडा_इंदूर

माझी बिनडोक शंका. जहाज डावीकडे कललं तर उजवीकडच्या टाकीत पाणी भरायचं. सरळ. एवढं काय?

घरची_कॅप्टन

नवऱ्याने हे वाचून सलग तीन मेसेज टाकले. गॅसवर एक नाही. मी माझ्या शब्दांत लिहिते, चुकलं तर तो सुट्टीवर आल्यावर भांडेल.

जहाज दोन कारणांनी कलतं. एक, एका बाजूला वजन जास्त झालं. तेव्हा इंदूरकरांचा उपाय चालतो. दोन, वजन दोन्हीकडे सारखंच आहे, पण मोकळ्या पाण्यामुळे जहाजाचा सरळ उभं राहायचा दमच गेला आहे. मग ते दारुड्यासारखं कधी या कुशीवर, कधी त्या कुशीवर रेलतं. अशा वेळी वरच्या बाजूची टाकी भरली तर ते सरळ होत नाही, झटक्याने दुसऱ्या कुशीवर पडतं, आणि त्या झटक्यात पुरतं उलटू शकतं. तिथे आधी खालच्या बाजूचीच, तळातली छोटी टाकी भरायची. कल आधी थोडा वाढतो, पोटात गोळा येतो, पण जहाजाला बूड मिळतं. कोणतं कारण आहे ते ओळखल्याशिवाय व्हॉल्व्हला हात लावायचा नाही.

राजवाडा_इंदूर

शंका मागे घेतो. मी पोहे खातो.

लष्कर_ग्वाल्हेर

आग विझवतानाही जहाजं बुडतात म्हणे?

जुना_खलाशी

आग विझवायला मारलेलं पाणीही पाणीच. 'नॉर्मंडी' नावाची अवाढव्य फ्रेंच बोट न्यूयॉर्कच्या धक्क्याला बांधलेली असताना फेब्रुवारी १९४२ मध्ये पेटली. बंबांनी इतकं पाणी ओतलं की ती धक्क्यालाच आडवी झाली. आमच्याकडे शिकवतात की होज चालू करतानाच ते पाणी बाहेर कुठून काढणार हे ठरवा.

सुगरण_नाही_मी

काका, विचारू का नको अशी दोनदा खोडली ही ओळ. आधी दार म्हणालात. दाराच्या आत माणूस असला तर?

जुना_खलाशी

ताई, जून २०१७ मध्ये जपानजवळ अमेरिकेच्या 'फिट्झगेराल्ड' या युद्धनौकेला मालवाहू जहाज धडकलं. पाण्याच्या पातळीखालच्या एका खणात ३५ जण झोपले होते. अंधारात, पाण्यातून २८ बाहेर आले. सात आले नाहीत.

एवढंच लिहितो. ज्यांच्यावर ती वेळ आली आहे ते याबद्दल बोलत नाहीत, आणि माझ्यावर आली नाही, म्हणून मला बोलायचा अधिकार नाही.

तेलकट_हात

🙏

कलाभवन_७८

आम्ही दीवला गेलो होतो तेव्हा युद्धात बुडालेल्या आपल्या 'खुकरी' या युद्धनौकेचं स्मारक बघितलं. ९ डिसेंबर १९७१. १८ अधिकारी आणि १७६ नौसैनिक. कॅप्टन मुल्ला जहाजाबरोबर गेले. इथून तिकडे इतके लोक जातात. समुद्रकिनारा करून झाल्यावर पाच मिनिटं तिथे थांबावं.

मांडवीचा_मोन्या

आज माझ्याकडे विनोद नाही. उद्या येतो.

कारेलीबागकर

सगळ्यांचे आभार. काल सोसायटीची मीटिंग झाली, हा धागा वाचून दाखवला. मेहुण्याने फक्त 'पंप आधी' एवढंच मोठ्याने परत वाचलं. पण ठराव झाला. रँपच्या तोंडाशी दोन्ही भिंतींना खाचा पाडून घेतल्या, त्यात एकावर एक फळ्या सरकवायच्या. लिफ्टच्या खड्ड्यात नवा पंप, त्याच्या तोंडाला जाळी, आणि दर रविवारी तो पाच मिनिटं चालवायचं काम मेहुण्याकडे. तेलकट_हात यांच्या चिंध्या आठवून जाळी मी स्वतः निवडली.

कलाभवन_७८

उत्तम. एकच सावधगिरी, इथे जहाज आणि बेसमेंट वेगळे पडतात. पुरानंतर बाहेरची माती पाण्याने गच्च असते. आतलं पाणी झपाट्याने उपसलंत तर भिंतीला आतून असलेला आधार जातो आणि बाहेरचा दाब तिला आत ढकलतो. जमिनीतली रिकामी टाकी तर अशा वेळी चक्क वर उचलली जाते. तेव्हा बेसमेंट भरलंच, तर बाहेरची पातळी उतरेल तसं टप्प्याटप्प्याने उपसा. मेहुण्यांना हे जरा हळू आवाजात सांगा.

जुना_खलाशी

फळ्या झाल्या हे चांगलं. ठेवल्यात कुठे?

कारेलीबागकर

गच्चीवरच्या खोलीत. भिजू नयेत म्हणून.

जुना_खलाशी

सहा मजले वर? लाइट गेल्यावर लिफ्टशिवाय? आणि खोलीला कुलूप असेल.

कारेलीबागकर

आहे. चावी सेक्रेटरीकडे.

जुना_खलाशी

सेक्रेटरी?

कारेलीबागकर

पुण्याला, मुलाकडे. आत्ता फोन लावला. चावी मेहुण्याकडे ठेवून गेलेत म्हणे. जातो वर.